अठ्ठावीसचे सतरा झाले, त्यावर

"पुण्यात पॉलिटेक्निकला बरीच वर्षं गणित शिकवलं. या सप्टेंबरपासून न्यू जर्सीतल्या एका कम्युनिटी कॉलेजात अर्धवेळ शिकवते आहे. सुरुवातीला वर्गात २८ जण होते, ऑक्टोबर संपताना १७ उरले. कुणी सांगून गेलं नाही, कुणी तक्रार केली नाही. यांना शिकायचंच नाही, की माझं शिकवणं कमी पडतंय? उरलेल्यांना टिकवायचं कसं?" असा तुमचा प्रश्न आहे.

मी याच राज्यात आधी गणित शिकवायचो आणि आता ॲडव्हायझर, म्हणजे विद्यार्थ्यांचा सल्लागार, आहे. तुमच्या वर्गातून जी मुलं गळतात, त्यांच्यातली काही नंतर माझ्या टेबलासमोर येऊन बसतात, म्हणून थोडं लांबलचक लिहितो. तुमच्या दोन्ही शंका आधी बाजूला ठेवा. तुम्ही स्वतःच लिहिलंय की कुणी सांगून गेलं नाही, आणि खरी गोष्ट त्यातच आहे. कॉलेज सोडायचं असं ठरवून सोडणारे फार थोडे. एक आठवडा बुडतो, मग दुसरा. तोवर वर्ग दोन धडे पुढे गेलेला असतो आणि परत यायची लाज वाटू लागते. महिन्याभरानं मूल घरी सांगतं, "सोडलं." प्रत्यक्षात त्यानं काहीच केलेलं नसतं, तुमच्या हजेरीत आणि रजिस्ट्रारच्या यादीत त्याचं नाव तसंच असतं. म्हणजे मधल्या आठवड्यांत कुणाच्या तरी लक्षात यायला हवं, आणि ज्याच्या लक्षात आलं त्याला काहीतरी करता यायला हवं. या विषयावर मला मुख्यतः एवढंच सांगायचं आहे. बाकीचा सगळा तपशील.

हे कॉलेज काय आहे ते आपल्याकडून आलेल्या माणसाला कळायला थोडा वेळ लागतो. इलिनॉयमधलं जोलिएट ज्युनिअर कॉलेज १९०१ मध्ये सुरू झालं, ते अशा दोन वर्षांच्या कॉलेजांतलं सगळ्यात जुनं सरकारी कॉलेज. १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगानं गावोगावी अशी कॉलेजं काढा म्हटलं आणि 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रूढ झालं. आज देशात हजाराच्या आसपास आहेत. दार सगळ्यांना उघडं. मेरिट लिस्ट नाही, कटऑफ नाही. पण आपल्या डोक्यातलं कॉलेज म्हणजे सकाळी डबा घेऊन निघालेला अठरा वर्षांचा मुलगा, फी वडिलांनी भरलेली, विषय राहिला तर एटीकेटी आहेच. इथे तीनातले दोन विद्यार्थी अर्धवेळ शिकतात. कुणी गोदामात रात्रपाळी करून येतं, कुणाची मुलगी शाळेत आहे आणि तीन वाजता तिला आणायला दुसरं कुणी नाही, कुणी वयाच्या पस्तिशीत दुसऱ्या देशातून येऊन इंग्रजीसकट सगळं नव्यानं शिकतंय. तुमच्या २८ जणांतल्या बहुतेकांच्या आठवड्यात कॉलेजचा नंबर तिसरा किंवा चौथा लागतो, आणि वरच्या नंबरांतलं एखादं काम घसरलं की पहिला बळी गणिताचा जातो.

हे कुणी कुणी मोकळेपणानं मान्यही केलं आहे. टेक्सासमधल्या अमरिलो कॉलेजनं आपल्याच विद्यार्थ्यांना विचारलं की तुमच्या वाटेत काय आडवं येतं. जी उत्तरं सगळ्यात वर आली ती खाणं, घर, मुलांना सांभाळणं, गाडी, दवाखाना अशी होती, वर्गातली नव्हती. त्यांनी मग कॉलेजातच एक केंद्र उघडलं. तिथे शिधा मिळतो, समाजसेवक भेटतो, आणि विजेचं बिल किंवा गाडीची दुरुस्ती अडली असेल तर थोडीफार रक्कम लगेच दिली जाते. २०२३ मध्ये अ‍ॅस्पेन पुरस्कार, म्हणजे या कॉलेजांमधला सगळ्यात मानाचा, अमरिलोला विभागून मिळाला. आपल्या न्यू जर्सीतही २०१९ मध्ये 'हंगर-फ्री कॅम्पस' कायदा झाला आणि कॉलेजांतल्या शिधाकेंद्रांना सरकारी पैसा मिळू लागला. तुमच्या कॉलेजात असं केंद्र आहे का, कुठल्या खोलीत आणि किती वाजेपर्यंत उघडं असतं, हे उद्याच बघून या. नुसती वेबसाइट बघू नका. स्वतः जाऊन दार कुठे आहे ते बघा, कारण मुलाला नंतर तुम्हीच सांगणार आहात, "लायब्ररीच्या मागे, उजवीकडे, तिथे अमुक बाई बसतात." जिथे ओळखीचं कुणी नाही अशा खोलीत मदत मागायला कुणी जात नाही.

आता वर्गातलं बोलू, कारण अर्धवेळ शिक्षकाच्या हातात मुख्यतः तेवढंच असतं.

टेक्सासमध्येच ओडेसा कॉलेज आहे. त्यांच्या लक्षात आलं की काही शिक्षकांच्या वर्गातून जवळजवळ कुणीच गळत नाही, आणि विषय किंवा शिकवण्याची पद्धत पाहिली तर त्या शिक्षकांत काहीच साम्य नाही. जवळून पाहिल्यावर चार गोष्टी सारख्या निघाल्या. ते पहिल्या आठवड्यापासून नावानं हाक मारतात. कुणी मागे पडला की त्याच दिवशी विचारतात. सत्राच्या सुरुवातीला प्रत्येकाला एकेकट्याला भेटतात. आणि नियम कडक ठेवतात, पण आयुष्यात खरंच काही घडलं असेल तर वाकतात. कॉलेजनं हेच सगळ्या शिक्षकांकडून मागितलं आणि गळती उतरली. यात पैसा लागत नाही म्हणून मला हे उदाहरण प्रिय आहे; वेळ मात्र लागतो, आणि तुम्हाला वर्गाबाहेरच्या वेळेचे पैसे बहुधा मिळत नाहीत हे मला ठाऊक आहे. म्हणून त्यातलं काय निवडाल ते सांगतो.

एकेकट्याची भेट दहा मिनिटांचीच ठेवा, आणि पहिल्या दोन आठवड्यांत तिला चक्क गृहपाठाचे गुण द्या. 'ऑफिस अवर्स' (शिक्षकाला भेटायची वेळ) हे शब्द सिलॅबसवर छापलेले असतात, पण घरातला पहिलाच कॉलेजात आलेला मुलगा ते वाचून असं समजतो की या वेळेत बाई त्यांच्या कामात असतात, त्रास देऊ नये. गुण आहेत म्हटल्यावर येतो. आल्यावर गणिताचं काही विचारू नका. कामावर किती तास जातोस, कॉलेजला कसा येतोस, घरी इंटरनेट आहे का, ही डिग्री कशासाठी हवी आहे, एवढं पुरे. या चार उत्तरांवरून ऑक्टोबरात कोण अडचणीत येईल याचा अंदाज येतो.

पहिली तपासलेली वही पहिल्या आठवड्यात परत गेली पाहिजे. मिडटर्मपर्यंत थांबलात तर ती परीक्षा होते सहाव्या-सातव्या आठवड्यात, आणि तोवर जो बुडायचा तो बुडालेला असतो. दहा गुणांची छोटी चाचणी, दर आठवड्याला, सर्वात कमी गुणांच्या दोन सोडून द्यायच्या. दोन सोडण्याची ही सवलत लाडासाठी ठेवायची नाही. ज्याची शिफ्ट ऐन वेळी बदलली त्याला तुमच्यासमोर येऊन कारणं सांगावी लागू नयेत म्हणून ठेवायची. आपल्याकडे हजेरी कमी भरली की डॉक्टरचं सर्टिफिकेट आणायला लावतात. इथे ते आणायला जाणं म्हणजे दवाखान्याचं बिल.

आणि पत्र. दोन तास बुडाले की त्याच संध्याकाळी दोन ओळी पाठवा. "तुम्ही दोन तास गैरहजर आहात, कृपया सिलॅबसमधील नियम पाहा" असं लिहिलंत तर तो मुलगा गेला म्हणून समजा. "मंगळवारी आपण वर्गसमीकरणं सुरू केली. फार पुढे गेलेलो नाही. गुरुवारी पंधरा मिनिटं आधी ये, मी दाखवते" असं लिहा. यात रागावणं नाही, चौकशी नाही, आणि परत यायचं कसं ते सांगितलेलं आहे. कॉलेजचं 'अर्ली अलर्ट' सॉफ्टवेअर असेल तर तेही भरा, पण त्यावर विसंबू नका. अनेक ठिकाणी शिक्षक लाल झेंडा लावतो, संगणक मुलाला एक ठरीव ईमेल पाठवतो आणि प्रकरण तिथेच संपतं. एका ॲडव्हायझरकडे हजार-हजार विद्यार्थी असले तर तो तरी काय करणार!

पैसे आणि तारखा यांबद्दल मात्र शिक्षकांना काही माहीत नसतं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. तुमच्या वर्गातल्या बऱ्याच जणांना केंद्र सरकारची पेल ग्रँट मिळत असणार. २०२३-२४ पासून तिची कमाल मर्यादा वर्षाला ७,३९५ डॉलर आहे, म्हणजे पूर्णवेळ विद्यार्थ्याला एका सत्राला जास्तीत जास्त साधारण ३,७०० डॉलर. ही मदत मुलानं हजर राहून 'कमवायची' असते, आणि सत्राचा ६० टक्के काळ पार झाल्यावरच ती पूर्ण कमावली असं धरतात. पंधरा आठवड्यांच्या सत्रात हा टप्पा नवव्या आठवड्याच्या शेवटी येतो. पाचव्या आठवड्यानंतर सगळेच विषय सोडून दिले, तर एकतृतीयांशच कमावले. उरलेल्यातला आपला वाटा कॉलेज सरकारला परत करतं आणि तेवढी फी मुलाच्या नावावर चढते. मग लागतो 'होल्ड'. थकबाकी फिटेपर्यंत पुढच्या सत्राला नाव नोंदवता येत नाही. त्या मुलाला वाटत असतं की आपण नुसते जायचे थांबलो, कुणाचं काय गेलं. दोन वर्षांनी परत यायची इच्छा होते तेव्हा दीड-दोन हजार डॉलरचं बिल दारात उभं असतं. परत येऊ पाहणारे किती तरी जण या एका बिलापाशीच वळून गेलेले मी पाहिले आहेत.

हा नियम एकच विषय सोडला तर लागत नाही, सगळे सोडले तर लागतो. म्हणून तुमच्याकडे येऊन "मी सगळंच सोडतोय" म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न विचारा: एक तरी विषय पार नेता येईल का? तो गणिताचाच असावा असा आग्रह धरू नका. आणि सही करण्याआधी फायनान्शिअल एडच्या खिडकीवर पाठवा. शक्य असेल तर सोबत जा.

दुसरा सापळा 'डब्ल्यू'चा, म्हणजे विषय मध्येच सोडल्याच्या शेऱ्याचा. नापास होऊन एफ घेण्यापेक्षा मुदतीत विषय काढून डब्ल्यू घ्यावा, असं सगळे सांगतात, मीही सांगतो. एफ सरासरी खाली ओढतो आणि इथे एटीकेटी नाही. पण डब्ल्यू फुकट नाही. ग्रँट चालू राहायची तर बहुतेक कॉलेजांत दोन अटी असतात: ग्रेडची सरासरी ४ पैकी २.० आणि घेतलेल्या क्रेडिटांपैकी ६७ टक्के पूर्ण. १२ क्रेडिट घेतली आणि ३-३ क्रेडिटांचे दोन विषय डब्ल्यूनं सोडले तर प्रमाण ५० टक्के. पहिल्या सत्रात इशारा मिळतो, पुढच्या सत्रातही भरपाई झाली नाही तर मदत थांबते. मग अपील करता येतं, त्याला कागद लागतात, आणि ते अपील लिहायला मुलाला कुणीतरी लागतं. याशिवाय आपल्या राज्याची सीसीओजी (कम्युनिटी कॉलेज ऑपॉर्च्युनिटी ग्रँट) नावाची योजना आहे. कुटुंबाचं उत्पन्न ६५,००० डॉलरपर्यंत असेल तर इतर मदत वजा जाता उरलेली फी ती भरते, पण त्यासाठी सत्रात किमान ६ क्रेडिट हवीत. सहाच घेतलेल्यानं तुमचा विषय सोडला की तो थेट या ओळीच्या खाली जातो. म्हणून सही मागायला आलेल्याला नेहमी विचारा, "या विषयाशिवाय तुझी किती क्रेडिट उरतात?"

शेवटच्या ग्रेड भरताना तुम्हाला एफसमोर 'शेवटचा हजर दिवस' विचारतील. अंदाजे तारीख टाकू नका. ग्रँटचा हिशेब त्या तारखेवर होतो. हजेरीची वही जपून ठेवा.

फिरून गणिताकडे येतो. पूर्वी प्रवेशानंतर पातळी ठरवायच्या चाचणीत कमी गुण पडले की मुलाला क्रेडिट न मिळणाऱ्या तयारीच्या वर्गांत बसवायचे, कधी कधी एकामागून एक तीन. प्रत्येक वर्गात ७० टक्के मुलं पास झाली असं धरा, चांगलाच निकाल म्हणायचा. तीन वर्गांनंतर उरतात शंभरातली चौतीस, आणि अजून खऱ्या कॉलेजच्या गणिताला हातही लागलेला नाही. टेनेसीनं २०१५ मध्ये ही साखळी मोडून मुलांना थेट कॉलेजच्या वर्गात घेतलं आणि जोडीला मदतीचा तास दिला. कॅलिफोर्नियानं २०१७ मध्ये कायदा करून शाळेतले गुण पाहून थेट प्रवेश द्या असं सांगितलं. जुन्या शिक्षकांची यावर कुरकुर आहे, "पायाच कच्चा, वर काय बांधणार?" माझंही मन आधी तिकडेच होतं, कारण आपण सगळे त्याच क्रमानं शिकलो. पण पायाच्या वर्गात जो गळला त्याचं घर कधीच बांधलं जात नाही. तुमच्या वर्गाला जोडतास असेल तर तिथे पुढच्या धड्याला लागणारं तेवढंच मागचं शिकवा. अपूर्णांकापासून सगळं काढत बसू नका. आणि नर्सिंगला जाणारी मुलगी बीजगणितात अडकलेली दिसली तर तिच्या ॲडव्हायझरला विचारा की तिला संख्याशास्त्र चालेल का. बरेचदा चालतं, आणि तिला ते कुणी सांगितलेलं नसतं.

पुस्तकाचंही बघा. ऑनलाइन गृहपाठाचा जो कोड घ्यायला लावतात त्याला शंभरेक डॉलर पडतात, आणि ज्याच्याकडे ते नाहीत तो पहिले तीन आठवडे गृहपाठ करतच नाही, सांगतही नाही. राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सची बीजगणिताची आणि संख्याशास्त्राची पुस्तकं फुकट मिळतात. विभागप्रमुखांना विचारा, अर्धवेळ शिक्षकालाही ही मुभा पुष्कळ ठिकाणी मिळते.

याच्या पलीकडचं काम संस्थेचं आहे, आणि ते होऊ शकतं हे न्यूयॉर्कनं दाखवलं आहे. तिथल्या सिटी युनिव्हर्सिटीनं २००७ मध्ये 'अ‍ॅसॅप' नावाचा कार्यक्रम सुरू केला. पूर्णवेळ शिकायची अट, फीमधला फरक माफ, पुस्तकांचे पैसे, मेट्रोचा पास, शिकवणी, आणि ॲडव्हायझरला वारंवार भेटणं सक्तीचं. त्या ॲडव्हायझरकडे हजार नव्हे, साठ ते ऐंशी विद्यार्थी. एमडीआरसी या संशोधन संस्थेनं चिठ्ठ्या टाकून गट पाडले आणि तुलना केली. तीन वर्षांत डिग्री घेणारे साध्या गटात २२ टक्के, अ‍ॅसॅपमध्ये ४०. शिक्षणक्षेत्रात इतका फरक सहसा दिसत नाही. ओहायोतल्या तीन कॉलेजांनी तोच नमुना उचलला, तिथे १९ विरुद्ध ३५. न्यूयॉर्कमध्ये तीन वर्षांत प्रत्येक विद्यार्थ्यामागे सोळा हजार डॉलरहून जास्त वाढीव खर्च आला, पण डिग्र्याच इतक्या वाढल्या की दर डिग्रीमागचा खर्च उलट कमी भरला. मला त्यातला मेट्रोचा पास सगळ्यात शहाणा वाटतो. ॲडव्हायझरला भेटल्याशिवाय पुढच्या महिन्याचा पास नाही. त्यामुळे ज्याला काही बोलायचं नसतं तोही महिन्यातून एकदा येऊन बसतो, आणि बसला की बोलतो.

अशा वेळी मला साताऱ्याच्या कर्मवीरांची 'कमवा आणि शिका' आठवते. तिथली कमाई संस्थेच्या छपराखाली होती, कामाची वेळ वर्गाच्या वेळेला धरून ठरायची. इथे तुमच्या विद्यार्थ्याची वेळ एका फोनवरच्या ॲपमधून बदलते आणि मॅनेजरला मिडटर्म म्हणजे काय याच्याशी देणंघेणं नसतं. त्यातल्या त्यात जवळची गोष्ट म्हणजे १९६४ पासून चालू असलेली फेडरल वर्क-स्टडी. लायब्ररीत, लॅबमध्ये, ट्यूटरिंग सेंटरमध्ये तासावर काम. पगार गोदामापेक्षा कमी असेल, पण परीक्षेच्या आठवड्यात सुट्टी मिळते. चांगलं गणित असलेला आणि पैशाची ओढाताण असलेला कुणी दिसला तर त्याला ट्यूटरचा अर्ज भरायला लावा.

तुमच्या वर्गात आपली मराठी मंडळीही असतील, एडिसन-पिस्काटवेच्या बाजूला तर नक्कीच. त्यांचे प्रश्न थोडे निराळे. एच-फोरवर, म्हणजे नोकरदार नवऱ्यामुळे मिळालेल्या व्हिसावर, आलेल्या बायकांना शिकता येतं, अर्धवेळही चालतं, पण पेल ग्रँट मिळत नाही. एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या मुलानं मात्र आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला आधी न विचारता विषय सोडून १२ क्रेडिटांच्या खाली गेलं तर प्रकरण व्हिसावर येतं. त्याला 'डब्ल्यू घे' असा सल्ला चुकूनही परस्पर देऊ नका. आणि घरच्यांचा एक न्यूनगंड असतो, "कुठे ॲडमिशन मिळाली नाही म्हणून तिथे गेला." मुलगा मग मंडळाच्या गणपतीत कॉलेजचं नाव सांगत नाही आणि अभ्यासात अडला तरी विचारत नाही. पालक भेटले तर त्यांना २००७ चा लॅम्पिट कायदा सांगा: इथली दोन वर्षांची असोसिएट डिग्री (ए.ए. किंवा ए.एस.) पूर्ण केली की राज्याच्या सरकारी विद्यापीठाला ती क्रेडिटं मान्य करावी लागतात. त्यात 'पूर्ण केली की' हे महत्त्वाचं. वर्षभरातच उडी मारणाऱ्यांची क्रेडिटं वाटेत गळतात.

आता तुमचे सतरा. नोव्हेंबर आहे, स्प्रिंगची, म्हणजे पुढच्या सत्राची, नोंदणी उघडली असेल. सत्र संपल्यावर जानेवारीत करू म्हणणारे बरेच जण करतच नाहीत. या आठवड्यातल्या एका तासाची शेवटची पंधरा मिनिटं त्याला द्या. सगळ्यांनी फोन काढायचा, लॉगिन करायचं, होल्ड दिसतो का बघायचं, पुढचा विषय टाकायचा. होल्ड असलेले तीन-चार निघतील; त्यांची नावं विद्यार्थ्यांच्या परवानगीनं ॲडव्हायझिंगला कळवा, कारण काही होल्ड एका सहीनं उठतात. आणि गेलेल्या अकरांनाही लिहा. विषय काढण्याची मुदत उलटली नसेल तर ती तारीख कळवा, उलटली असेल तर एवढंच लिहा की स्प्रिंगचा वर्ग अमुक तारखेला सुरू होतोय आणि त्याआधी भेटायचं असेल तर मी मंगळवारी चारनंतर आहे. उत्तर दोघा-तिघांचंच येईल. त्यांना माझ्यासारख्या कुणाकडे नुसतं पाठवू नका, नाव आणि खोली नंबर देऊन पाठवा.